देवळामागची जांभळी वेल

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर ज्या राजाच्या राज्यात ती घडली, त्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. गोष्ट मात्र उरली. म्हणून ती मुलांना सांगतो, आणि मुलांना झोपवता झोपवता जी मोठी माणसं कान देऊन ऐकतात, त्यांनाही सांगतो.

उगवतीच्या समुद्रात जपान नावाचा बेटांचा देश आहे. त्या देशात, समुद्रापासून खूप आत, डोंगरांच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला, देवदारांच्या राईत एक देऊळ होतं. देऊळ तसं साधंच. पुढे लाल रंगाची लाकडी कमान, कमानीपाशी हात धुवायला दगडाची डोणी, आणि आत दोरी ओढून वाजवायची घंटा. पण देवळामागे जी बाग होती, तिचं नाव आसपासच्या सगळ्या खोऱ्यांत होतं.

त्या देशातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून फुलं बघायला जातात. थंडी सरता सरता, बर्फ वितळायच्या आधीच उमेची पांढरी फुलं येतात; आपल्या आलुबुखाराच्या जातीचं झाड ते. मग साकुरा, म्हणजे तिथली चेरी, फुलते. पावसाच्या दिवसांत तळ्याकाठी निळी फुलं उभी राहतात. पानगळीच्या आधी तर मोमिजी नावाच्या झाडाची पानंच अशी लाल होतात, की त्यांना फुलांची गरज वाटू नये. प्रत्येक बहराला गावातली माणसं ठेवणीतले कपडे घालून, भाताचे गोळे पानांत बांधून घेऊन वर चढायची. आधी देवापुढे वाकायचं, मग बागेत चटई पसरायची. म्हातारी माणसं सावलीला बसून जुन्या गोष्टी काढायची. मुलं धावायची, पडायची आणि ओरडा खायची. दिवस कलला की सगळे गाणी म्हणत खाली उतरायचे.

त्या गावात जिम्पाची नावाचा एक मुलगा राहत होता. वडील तो तान्हा असतानाच वारले. घरात आई आणि मोठी बहीण, नुई. दर वसंतात आई दोघांना घेऊन बागेत जाई. तळ्याच्या काठावर एक जुना साकुरा होता. त्याच्या फांद्या वडाच्या पारंब्यांसारख्या खाली पाण्यापर्यंत लोंबत. तो फुलला, की वरही गुलाबी आणि पाण्यातही गुलाबी. आई नेहमी त्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसायची. जिम्पाची तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा. पाकळ्या गळून त्याच्या तोंडावर पडायच्या आणि आई त्या हलकेच उचलून बाजूला ठेवायची.

पुढे आई गेली. नुईचं लग्न गावातच झालं. जिम्पाची मात्र गाव सोडून दूरच्या बंदरावर गेला. आधी एका रेशमाच्या दुकानात गाठोडी उचलली, मग स्वतःचं दुकान थाटलं, मग गोदाम, मग जहाजं. गावाकडे जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं.

पण ती बाग त्याच्या मनातून गेली नाही. बंदरावरचे त्याचे सोबती त्याला मोठमोठ्या देवळांत, सरदारांच्या बागांत बहर बघायला न्यायचे. सगळे वाहवा करायचे. जिम्पाची मान हलवून म्हणायचा, "छानच आहे. पण आमच्या गावचा साकुरा तुम्ही पाहिला नाहीत." हे इतक्यांदा झालं, की सोबती हसून आधीच म्हणायचे, "जिम्पाचीशेठ, आता तुमच्या गावचा साकुरा सांगा."

हळूहळू त्याचे केस पांढरे झाले. बायको वारली. मुलांनी धंदा सांभाळला. तेव्हा एका वसंतात तो म्हणाला, "यंदा मी आमच्या बागेत बसून फुलं बघणार." आणि तो खरंच निघाला.

नुई अंगणात मुळे वाळत घालत होती. आता तीही म्हातारी झाली होती. नवरा कधीच वारला होता, घरात ती एकटीच होती. दारात उभ्या राहिलेल्या रेशमी कपड्यांतल्या माणसाकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"ताई," तो म्हणाला.

"जिम्पा!" तिच्या हातातली टोपली खाली पडली. "अरे, किती वाळलास! आणि तिथेच काय उभा राहिलास? पाय धू, आत ये."

त्या दिवशी बहीण-भाऊ खूप बोलले, मध्येच रडले आणि पुन्हा बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिम्पाची म्हणाला, "चल ताई, वर जाऊ. साकुरा फुलला असेल."

नुईने पायांत चपला घातल्या. मग म्हणाली, "चल. पण बाग आता तशी राहिलेली नाही हं."

त्याने ते ऐकलं आणि सोडून दिलं. कमान तीच होती, डोणी तीच होती. त्याने दोरी ओढून घंटा वाजवली. मग तो देवळाला वळसा घालून मागे गेला आणि जागच्या जागी उभा राहिला.

साकुरा नव्हता. तळंही अर्धं बुजलं होतं. जिथे झाड होतं, तिथे बांबूंचा एक लांबरुंद मांडव होता आणि त्यावर फुजी नावाची एक जाडजूड, पीळ पडलेली वेल चढली होती; फुजी म्हणजे इथे तो मोठा डोंगर नव्हे बरं का. वेलीवर अजून धड पानंही नव्हती. नुसत्या करड्या कळ्या होत्या.

"झाड कुठे गेलं?" त्याने विचारलं.

"वादळात पडलं. तू गेल्यावर काही वर्षांनीच," नुई म्हणाली. "वरची दरडही त्याच पावसात खाली आली, तळ्यात माती भरली. नंतर इथे कुणी येईनासं झालं. घंटासुद्धा वाजेना. मग आम्ही बायकांनी रानातून ही फुजीची वेल आणून लावली. हिला जांभळे घोस येतात, हातभर लांब. फुलायला हिने फार वर्षं घेतली. पण आता पलीकडच्या खोऱ्यांतूनही माणसं हिचा बहर बघायला येतात."

जिम्पाचीने मांडवाकडे पाहिलंही नाही. तो जमीन न्याहाळत होता. आई कुठे बसायची? इथे? की तिथे, त्या खांबाजवळ? काही केल्या ती जागा त्याला सापडेना.

"ही आपली बाग नाही, ताई," तो म्हणाला.

"आपलीच आहे रे. महिनाभर थांब ना. वेल फुलू दे, आपण दोघं मिळून बघू."

"मला वेल बघायची नाही. मला आई बसायची ती जागा परत हवी आहे."

नुईने वेलीच्या बुंध्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई माझीही होती, जिम्पा."

पण त्याचं मन ठरलं होतं. तो तडक पुजाऱ्यांकडे गेला. "ही बाग मी पूर्वी होती तशी करून देतो," तो म्हणाला. "तळं उपसून घेऊ. तसाच लोंबत्या फांद्यांचा साकुरा मी शोधून आणीन. देवळाचं छप्परही नवीन घालून देतो. तेवढी ती वेल काढावी लागेल."

पुजारी भला माणूस होता, पण देवळाचं छप्पर गळत होतं आणि पावसाळ्यात देवाच्या अंगावर पाणी टपकायचं. त्याने आढ्याकडे पाहिलं, जिम्पाचीच्या रेशमी कपड्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. गावातल्यांना हे कळलं तेव्हा ते आपसांत कुजबुजले. पण बाहेर नाव काढलेला गावचा माणूस, तोही देवळाला दान देतोय. त्याच्या तोंडावर नको कोण म्हणणार?

जिम्पाची महिनाभर थांबला नाही. झाड शोधायला तो लगेच निघाला. त्या वर्षी वेल फुलली, माणसं आली, गाणी झाली, आणि त्याला त्यातलं काहीच दिसलं नाही.

पानगळ झाल्यावर तो मजूर घेऊन परतला. वेल बुंध्यापासून तोडली गेली. मांडव मोडला. तळं उपसून त्यात पुन्हा पाणी खेळवलं. दूरच्या एका खोऱ्यातून लोंबत्या फांद्यांचा साकुरा मुळांच्या मातीसकट गाड्यावर घालून बैलांनी ओढत आणला. जिम्पाची स्वतः चिखलात उभा राहून सांगत होता, "जरा पाण्याकडे झुकवा. अजून थोडा. हां, असाच होता."

वसंत आला. नव्या जागी दमलेल्या त्या झाडाला थोडीशीच फुलं आली, पण आली. पाण्यात त्यांची गुलाबी सावलीही पडली. जिम्पाचीने ताईला हाताला धरून वर आणलं. बुंध्याशी चटई पसरली. पानांत बांधलेला भात सोडला. त्याने झाडाला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

खूप वेळाने त्याने डोळे उघडले. "ताई," तो म्हणाला, "आली ना ती जागा परत?"

"जागा आली," नुई म्हणाली.

तिने भाताला हात लावला नाही. त्यालाही मग भात गेला नाही.

तरी तो बंदरावर परत गेला नाही. आपण इतकं केलं, मग मनाला समाधान का नाही, हे त्याला कळत नव्हतं. रोज तो वर जाऊन तळ्याकाठी बसायचा. पाकळ्या गळून गेल्या, झाडाला पानं फुटली, ऊन तापू लागलं. बागेत मात्र त्याच्याखेरीज कुणी नसायचं.

एके दिवशी दुपारी एक तरुण बाई देवळामागून आली. पाठीला बाळ बांधलेलं, हातात जेवणाचं फडकं, पायांवर धूळ. दूरची वाट चालून आलेली दिसत होती. ती तळ्यापाशी आली आणि गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली. आपण चुकून दुसऱ्याच देवळात आलो की काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आजोबा," तिने विचारलं, "इथली वेल कुठे गेली?"

जिम्पाचीने मान वर केली. याच जागी उभं राहून, याच आवाजात त्याने आपल्या बहिणीला विचारलं होतं.

"तू कोण गं, पोरी?"

"मी कोहागी. याच गावची. खिंडीपलीकडे दिली मला. फुजी फुलली, की सासरचे मला चार दिवस माहेरी धाडायचे. मी आणि आई त्या मांडवाखाली बसायचो. सगळ्या वर्षाचं बोलणं तिथेच व्हायचं आमचं." तिने पाठीवरचं बाळ सावरलं. "मागच्या वर्षी आई गेली. घर भावाने दुसऱ्याला दिलं. मला वाटलं, निदान वेल तरी असेल. म्हटलं, हिला दाखवू, तुझी आजी इथे बसायची म्हणून. वादळात पडली का ती?"

जिम्पाचीला पटकन हो म्हणता आलं असतं. त्याच्या ओठांवर तेच आलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी तोडली."

कोहागीला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. ती रागावली नाही. जिथे मांडव होता, तिथल्या उघड्या मातीवर तिने चटई अंथरली आणि भर उन्हात पाठमोरी बसून राहिली. बाळ उन्हाने रडू लागलं, तेव्हा तिने सगळं आवरलं, देवाला हात जोडले आणि ती डोंगर उतरून गेली.

जिम्पाची घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला. "ताई," तो म्हणाला, "वादळाला कळत नव्हतं, आपण काय पाडतोय ते. मला कळत होतं. तरी मी कुणालाही विचारलं नाही."

नुईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती शेजारी बसली.

"आई त्या साकुऱ्याखाली बसून काय म्हणायची, आठवतं तुला?" तिने विचारलं.

"ती बोलायची कुठे? ती तर नुसती हसायची."

"तू लहान होतास, झोपून जायचास. मी ऐकायचे. आई म्हणायची, 'माझ्या लहानपणी इथे तळ्याभोवती उमेची राईच होती गं, नुई. काय वास सुटायचा! या साकुऱ्याला मेला वासच नाही.' दर वर्षी म्हणायची. एकदा तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

जिम्पाची बघतच राहिला. ज्या झाडासाठी तो जन्मभर झुरला, त्याच झाडाखाली बसून आई दुसऱ्याच झाडांसाठी झुरत होती.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय? डोळे पुसायची आणि आपल्याला भात भरवायची. तुझ्याकडे बघून म्हणायची, 'याला हे झाड आवडतंय ना, मग झालं.'"

जिम्पाचीने मान खाली घातली. चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी तो बागेत गेला आणि तोडलेल्या वेलीच्या जागेवर गुडघे टेकून त्याने माती हातांनी उकरली. मुळं जाड होती आणि अजून ओली होती. एका मुळाला कोवळा कोंब फुटला होता. त्याने भोवती आळं केलं, रानडुकरं येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घातलं, गावात घरोघरी जाऊन माफी मागितली. मांडव बांधायला कुणी हात लावाल का, असंही त्याने विचारलं. बायका आधी जागच्या हलल्या नाहीत. मग नुई उठली, तशा त्याही उठल्या.

वेल वाढू लागली. पण फुजीला घाई माहीत नसते. दर वर्षी कोहागी खिंड ओलांडून येई, पानं बघे, जिम्पाचीशी दोन शब्द बोले आणि परत जाई. दर वर्षी नुई काठी टेकत वर येई आणि मांडवाखाली मान वर करून कळ्या शोधी. "यंदा नाही," ती म्हणायची. "येईल, येईल." एका वर्षी तिला डोंगर चढवेना. त्यापुढच्या थंडीत, बर्फ पडत असताना, ती शांतपणे गेली.

आणि पाठोपाठच्या वसंतात वेल फुलली.

मांडवाखाली घोसच घोस लोंबत होते. भुंग्यांचा गुंजारव देवळाच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. खालून माणसं आली, पलीकडच्या खोऱ्यातून आली. कोहागी आली. तिची मुलगी आता पायी चालत आली होती. कोहागीने चटई पसरली आणि एका कडेला उभ्या असलेल्या जिम्पाचीला हाक मारली, "आजोबा, या ना. बसा आमच्यात."

तो बसला. बराच वेळ मान वर करून बघत राहिला. या वेलीची जांभळी फुलं तो पहिल्यांदाच बघत होता.

"कशी आहेत?" कोहागीने विचारलं.

"फार सुंदर आहेत," तो म्हणाला. "ताई म्हणाली होती, महिनाभर थांब, आपण दोघं मिळून बघू. ती जिवंत होती, वेल फुलणार होती, मला काही काम नव्हतं. तरी मी थांबलो नाही. आईला शोधायच्या नादात ताईकडे बघायचं राहूनच गेलं."

कोहागीने फडकं सोडलं आणि पहिला घास त्याच्या हातावर ठेवला.

जिम्पाची त्यानंतरही बरीच वर्षं जगला. बाहेरून आणलेला साकुरा मात्र त्या मातीत कधी रुळला नाही. एकेक फांदी वाळत शेवटी तो उभाच्या उभा सुकला. तेव्हा गावातली माणसं संकोचत म्हाताऱ्याकडे आली. "जिम्पाचीबाबा," ती म्हणाली, "तुमचं झाड गेलं. तुम्ही म्हणाल तर त्या जागी पुन्हा साकुराच लावू. लांबून आणावा लागला तरी चालेल."

म्हाताऱ्याने बागेकडे पाहिलं. मुलं तळ्याकाठी बेडकांच्या मागे धावत होती.

"मी आता किती दिवस बघणार आहे?" तो म्हणाला. "ती पोरं बघणार आहेत. त्यांना विचारा."

मुलांनी काय सांगितलं आणि त्या जागी पुढे काय फुललं, ते आता कुणालाच माहीत नाही. पण त्या गावात बागेतलं एक झाडही तिथे येऊन बसणाऱ्यांना विचारल्याशिवाय तोडायचं नाही, अशी रीत पडली.

गेलेला बहर मनात जपावा. पण त्याच्यासाठी समोर फुललेला बहर कधी तोडू नये.